कोनाडा

हमीद मिस्त्री विचारतो, रुंदी किती ठेवू?
घाटंजीच्या उन्हात नुसती चेसिस उभी.

मी म्हणतो, साडेपाच फूट.
बत्तीस वर्षं एस.टी. हाकली, रस्ते तोंडपाठ आहेत:
पारव्याच्या पुढचा नाल्यावरचा पूल,
त्याचा डावा कठडा मीच खरवडलेला;
शिवणीची पांदण, जिथं समोरून कापसाची बंडी आली
की कुणीतरी एकानं मागं जायचं,
आणि बैल मागं जात नाहीत.

बेबीनंदा काही बोलत नाही.
खडू घेते. पत्र्याची, फोमची जाडी वजा करून
फरशीवर चौकोन आखते,
चपला काढून आत आडवी होते.
पाय घोट्यापासून रेषेबाहेर.
माझ्याहून चार बोटं उंच ती.
लग्नात हार घालताना मान तिनंच खाली केलेली.

“अन् तुमी रातच्याले उठले,
त मले तुडवतच जासान ना?”

साडेसहा म्हणालो. मग पांदण आठवली.
साडेपाच म्हणालो. मग ते घोटे.
हमीदनं दोनदा खोडलं, चहा सांगितला.

चहा पिता पिता त्यानंच बशी कलती करून दाखवली:
गाडी साडेपाचच,
फक्त पलंगाच्या उंचीला वीतभर पेटी बाहेर,
कठड्याच्या वर, बाभळीच्या खाली.
पायांपुरती.

आता शिवणीच्या पांदणीत
आरशात मला तेवढंच दिसतं.
फांदी पत्र्यावर कर्र घासते
आणि शेजारी बसलेली बेबीनंदा
पाय जवळ ओढून घेते.