सातवी ओळ

ग्रिम्सबीत, न्हाव्याच्या दुकानावरची खोली.
एक टेबल, हीटर, धुऊन धुऊन खरबरीत झालेले टॉवेल,
आणि फॉर्म.
फॉर्मच्या सातव्या ओळीत विचारलंय:
सध्या कोणती औषधं चालू आहेत?
लोक लिहितात, काही नाही.
किंवा लिहितात, नेहमीचीच,
जणू त्यांचं नेहमीचं मला पाठ आहे.

थोडंफार पाठ झालंय खरं.
वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलेली कातडी
कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी सरकते.
तिथे अंगठा चालत नाही,
तळवा, तोही वजन घरी ठेवून आलेला.
सकाळी मांडीत इन्सुलिन टोचून बाई आली
की ती मांडी मी सोडून देते.
एकदा नव्हती सोडली.
बसस्टॉपवर घामाने थबथबली बिचारी;
तेव्हापासून खणात बिस्किटं असतात.
दुखणं मारायची गोळी घेऊन आलेला म्हणतो,
अजून जोरात, अजून,
त्याच्या आतला ‘पुरे’ म्हणणारा
गोळीने झोपवलेला.
मग त्याच्या वतीने मीच पुरे म्हणते.

वडील चाळीसगावला कंपाउंडर होते.
मिक्स्चरच्या बाटलीवर कातरलेली पट्टी चिकटवायचे,
एक दात म्हणजे एक डोस.
गोळ्यांची पुडी: लाल एक, पांढरी अर्धी.
नाव कुणी विचारायचं नाही, ते सांगायचे नाहीत.
गुण येण्याशी मतलब, म्हणायचे.
आणि मी इथे दिवसभर नावंच विचारत बसते.

आज अकराला मिस्टर ब्लँचर्ड.
शहात्तर वर्षांचे, उमेदीत ट्रॉलरवर,
बर्फातून जाळी ओढून खांद्यांची कायमची गाठ झालेली.
मला डक म्हणतात. इकडे ती माया असते.
मागच्या मंगळवारी त्यांनीही लिहिलं होतं, काही नाही.
आज शर्ट काढला
तर पाठीवर माझी बोटं.
चार इथे, तीन तिथे, जांभळी,
अंगठ्यांच्या जागी कडेने पिवळी पडत चाललेली.
एवढा जोर मी लावला नव्हता.
लावला होता का?
हातांना विचारलं. हात गप्प.

त्यांनाही विचारलं. म्हणाले,
ते डोरीनला माहीत असायचं.
वारांचा डबा होता, ती वार भरायची,
मी वार गिळायचो.
डोरीन फेब्रुवारीत गेली.

मग खाली जाऊन गाडीतून पिशवी घेऊन आले
आणि जिथे पालथं झोपायचं
तिथे ती पालथी केली.
वॉरफरिन, तपकिरी आणि निळी.
नाडी धीमी ठेवणारी. कोलेस्टेरॉलची. लघवीची.
एक खोकं डोरीनच्याच नावाचं, अर्धं संपलेलं.
रक्ताच्या तपासणीची पिवळी वही,
शेवटची नोंद जानेवारीतली, बायकी अक्षरात.
रोज किती घेता?
मूठ उघडून दाखवली त्यांनी.
अंदाजे, म्हणाले.

त्या तासात तेलाची बाटली उघडली नाही.
क्लिनिकला फोन लावला, बावीस मिनिटं तीच धून,
शेवटी एक बाई म्हणाली, आजच आणा, पावणेतीनला.
तोवर मी सातवी ओळ भरत राहिले.
नावं समासात गेली, समासातून मागच्या पानावर.
ते एकेक खोकं हातात देत होते
ताजा मासा मोजून द्यावा तसं.
डोरीनचं मात्र दिलं नाही.
ते केमिस्टकडे परत करायचं असतं, मी म्हटलं.
हो, म्हणाले, आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

पैसे देऊ लागले. मी मालिश केलीच नाही, म्हटलं.
पाठीकडे हात नेत म्हणाले,
मागच्या वेळची अजून पुरतेय, डक.
हसू आलं नाही मला. नंतर आलं.

ते खुर्चीवरच बसलेले, तरी सवयीने म्हणाले,
सावकाश उठा, त्या गोळीने चक्कर येते.
ते उठले, हीटरला धरून,
थोडा वेळ तसेच उभे राहिले.
कुठली गोळी, त्यांनी विचारलं.
नाव सांगितलं मी.
दोनदा म्हणून पाहिलं त्यांनी,
तिसऱ्यांदा जिन्यात.