वाळूचं काम

तावडे हॉटेलच्या थांब्यावर सहाची केएमटी येते,
कधी सव्वासहाला.
मी, तबीथा आवळे, मांडीवर डबा घेऊन बसते.
शिरोलीच्या फौंड्रीत कोअर करते. बावीस वर्षं झाली.

कोअर म्हणजे काय, हे घरात अजून कुणाला नीट ठाऊक नाही.
सासूबाई सांगायच्या, "आमची सून वाळू भरती."
बरोबरच होतं त्यांचं.
पेटीत वाळू भरायची, ठोकायची,
तारेनं वाफेला वाट ठेवायची,
गॅस सोडायचा, पेटी उघडायची
आणि दुपट्यातून बाळ काढावं तसं
ते उचलून फळीवर ठेवायचं.
वर ग्राफाइटचा काळा लेप. मग भट्टी.

साच्यात ते मधोमध बसतं. वरून लोखंड येतं, पाण्यासारखं.
लोखंड निवलं
की फेटलिंगची पोरं हातोड्यानं माझं काम फोडून
बाहेर झटकतात.
माझा कालचा अख्खा दिवस
आज शेडमागच्या ढिगाऱ्यात पडलेला असतो.
कुत्री त्यावर ऊबेला झोपतात.

पहिल्या वर्षी मी तो ढीग बघून रडले होते.
छबूताई खर्डा-भाकरी पुढं सरकवत म्हणाली,
"आगं, आपलं काम टिकायचं नसतंयच.
आपलं काम भोक ठेवायचं."

एका रविवारी शाहूपुरीत उपासनेला
पाळकांनी वाळूवर घर बांधणाऱ्याचा दृष्टांत घेतला.
पंख्याखाली सगळे माना डोलावत होते.
माझ्या नखांत शनिवारच्या शिफ्टची वाळू होती.
मी हात पदराखाली घेतले
आणि प्रभूला मनातच विचारलं, माझं काय मग?

उत्तर आलं नाही. शेवटचा आशीर्वादही झाला.
पुढं लक्ष्मीपुरीत वांगी निवडताना, मध्येच,
एक कीडकं बाजूला टाकताना सुचलं:
तोही कितीतरी वर्षं सुताराच्या दुकानात होता.
त्यानं तासलेलं एक जू,
एक चौकट, एक पाट
आज कुठंच शिल्लक नाही.
भाजीवाली म्हणाली, "घेणार हाईस का नुसती बघतीस?"

मागच्या फेब्रुवारीत,
शिफ्ट संपायला दहा मिनिटं,
एका कोअरला केसाएवढी चीर दिसली.
लेपाखाली गेली असती.
पोवार सुपरवायझर घड्याळाकडं बघत म्हणाले,
"ठेव की. चालतंय. आत कोण बघणार हाय?"

आत.
त्या शब्दापाशी माझा हात थांबला.
मी ते फोडलं. परत भरलं, परत ठोकलं,
ओठांत रोजचंच नाव घेतलं. बस गेली.
हायवेच्या कडेनं चालत आले,
उसाच्या ट्रॉल्या अंगावर धूळ टाकत होत्या.
पुण्य वगैरे काही वाटलं नाही,
टाचा दुखत होत्या.
एवढंच, की रात्री प्रार्थनेला बसले
तेव्हा मान खाली घालावी लागली नाही.
म्हणजे घातली. पण वेगळ्या कारणानं.

परवा उद्यमनगरात मिक्सर दुरुस्तीला नेला.
शेजारच्या दुकानात फळीवर पंपाची बॉडी पडलेली,
कडेला आमच्या फौंड्रीची खूण.
कुणी केलेला कोअर असेल? माझा, छबूताईचा,
की त्या कागलच्या नव्या पोरीचा, देव जाणे.
मी तोंडातून बोट आत घातलं.
गुळगुळीत. गोल. वळणावरसुद्धा खरखर नाही.
आत कुणी नव्हतं.
इथून पाणी जाणार.

"मावशी, हाताला ग्रीस लागंल," पोरगा म्हणाला.
लागलंच होतं.
थोमानंही बोट पुढं केलं होतं म्हणतात;
मला एवढंच हवं होतं, मी काढून घेतलं.
पदराला पुसलं, डाग राहिला.

मिक्सरचे साडेतीनशे झाले.
उद्या पहिली शिफ्ट आहे. वाळू चाळून ठेवली पाहिजे.