विझ म्हणेपर्यंत

एकोणीस वर्षं मारिका फळ्यावर काढत आली
तोच बिस्किटाचा साचा:
साचा म्हणजे क्लास, बिस्किट म्हणजे ऑब्जेक्ट.
यंदा तार्तूतल्या एका अंधाऱ्या सकाळी
तावेत म्हणाला, "पण बिस्किटाला काही येतच नाही."

तिनं फळा पुसला.
बाकं भिंतीला लावली.
तू बसचं दार, तू तिकिटाचं यंत्र,
आणि तावेत, तू दिवा.
कुणी कुणाच्या खिशात हात घालायचा नाही,
हवं ते मागायचं, नाव घेऊन.

गलका. दार दोनदा अडकलं,
यंत्रानं सुटे पैसे दिलेच नाहीत.
फळ्यावर कोडची एक ओळ नाही.

घंटा झाली तसे सगळे कँटीनकडे पळाले.
कोपऱ्यात तावेत, हात वर,
अजून पेटलेलाच.

मफलर गुंडाळता गुंडाळता ती थबकली.
"तावेत," म्हणाली,
"विझ."