लांडग्याचा वाटा

दसऱ्याचं सोनं वाटून झालं
की आमचाच माळ आम्हांला खाली ढकलतो.
बालाघाटावर उरतात कुसळं, आणि वारा.
घोडीच्या पाठीवर उलटी बाज, बाजेत कोंबडी, तिची सात पिल्लं,
काल जन्मलेलं ओलसर कोकरू, पिठाची परात
आणि सगळ्याच्या वर परात धरून माझी धाकटी.

गंगथडीला मेंढरं रानात बसवायची:
इथं दोन राती, तिथं पाच.
लेंड्यांचा भाव पायलीत ठरतो.
बोलणी सासरे करतात, वही माझ्याकडं.
माघात पऱ्हाटीचा पाला, चैतात बाभळीच्या शेंगा,
मग नुसती सडक
आणि मागून हॉर्न.

सासऱ्यांना आकडे येत नाहीत.
दिवेलागणीला वाघुरीच्या तोंडाशी बसून
आत जाणारं एकेक तोंड बघतात,
मोरी, भुंडी, कानतुटी, ती भांडखोर, तिची लेक.
मी म्हणते, एकशे बेचाळीस.
ते म्हणतात, "भरलं."
आणि हळूच, "एक त्याचं.
आपल्या आधी माळ त्याचा हाय."

पवनचक्क्या आल्या तशी
तीन सालं त्याची हाळी नाही.
रात्रभर वर लाल दिवे, खाली पात्यांची घरघर.
एक कोकरू गेलं नाही.
मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू,
धाकटीच्या शाळेचे बूट त्यातच आले.
धुळोबा मात्र झोपेनात.
अर्ध्या रात्री उठून कुत्र्याला विचारायचे,
"काहून रं गप?"

औंदा मिरगाच्या आत वर चढलो.
पहिल्याच रात्री कुत्री पेटली,
मग एकदम थांबली.
उजाडता मोजलं, एकशे एकेचाळीस.
परत मोजलं.
कानतुटी एकटीच ओरडत होती.
ओढ्याकाठच्या मऊ मातीत
आमच्या कुत्र्याहून मोठा पंजा,
सरळ रेषेत, घाई नसलेला.

तणतणत गेले सासऱ्यांना उठवायला.
म्हातारं घोंगडीत तोंड उघडं टाकून घोरत होतं,
उन्हं पार छातीवर आली तरी.
सासूबाईंनी माझं मनगट धरलं,
"निजू दे गं माय.
लई दिसांनी निजलंय."

वहीत आकडा खोडला, नवा लिहिला.
पुढं कारणाचा रकाना असतो,
तिथं पेन बराच वेळ टेकून राहिलं.

कानतुटीची कास तटली होती.
धाकटीनं वाटी पुढं केली.