सांधा

चिंगदेजनच्या बाजारात सोमवारी पहाटे साडेचारला
विजेऱ्या आधी येतात, माणसं मागून.
फंग स्युलान पोत्यावर खापऱ्या मांडते,
दुकान मांडावं तशा नाही,
तान्ह्याचे कपडे घडी करून ठेवावेत तशा.

नानचांगहून आलेला पोरगा उकिडवा बसतो.
त्याला मासा हवाय,
निळा, शेपटीशी तुटलेला,
डोळा अजून ओला.
"मिंग काळातला?"
ती खापरी उलटी करते. बुडाची कोरी कड,
तिच्यावर गंजासारखी नारिंगी धार,
भट्टीतली वाळू चिकटलेली, चारच कण.
"बूड खोटं बोलत नाही," म्हणते.
"पण मासा काय, कुणीही काढेल. ही रेघ बघ."

काठाचा तुकडा. त्यावर काही नाही,
दोन निळ्या रेघा, मधे केसाएवढी फट.
पोरगा विजेरी मारतो. मान हलवतो.
ती त्याचं बोट धरून काठावरून नेते
आणि एका जागी थांबवते.
"इथं."

रेघ निघाली तिथंच परत आली,
स्वतःच्याच अंगावर तांदळाच्या टोकाएवढी चढली,
तिथं निळं जरा दाट.
कुंचला हलत नाही, चाक फिरतं.
माणूस एका फेऱ्यापुरता श्वास कोंडून बसतो
आणि सोडतो, तो
चारशे वर्षांनी कुणाच्या तरी नखाखाली सापडतो.

बावीस वर्षं तिनं सरकारी कारखान्यात
रेघाच ओढल्या.
फुलं शेजारच्या टेबलावर, पाखरं त्याच्या पलीकडे.
टाळं लागलं त्या दिवसापर्यंत
तिनं एकही पाखरू काढलं नव्हतं.
काढावंसंही वाटलं नव्हतं, हे कुणी विचारत नाही.

पोरगा मासा घेतो, घासाघीस करून.
रेघ तिच्या खिशात परत जाते, नेहमीसारखी.

उजाडता उजाडता नदीकाठच्या टपरीवर
तांदळाच्या शेवया.
वाडगा स्वस्तातला, काठाला छापील निळं.
खाण्याआधी ती तो गोल फिरवते,
हात हल्ली थरथरतो, रस्सा मनगटावर येतो,
तरी फिरवते.
सापडतो सांधा:
छापाचा कागद कागदावर चढलेला, ठिगळासारखा,
त्यात एक चुणी,
चुणीपाशी निळं किंचित फासलेलं,
अंगठ्यानं, घाईत.

"म्हणजे होतं कुणीतरी," ती पुटपुटते,
मनगट पुसते,
आणि तिखट अजून मागून घेते.