ढालीवर काय काढू

बर्नहून शलाकाचा फोन. काका,
इथे गवळ्याच्या घरालाही चिन्ह असतं,
ढालीवर रंगवून दप्तरात नोंदवतात.
सासरची ढाल: दोन देवदार, एक कोयता.
आपलं काय सांगू?

बंब तसाच ऐरणीवर.
कसब्यातल्या तांबट आळीत कुणी ढाल ठोकली असेल,
तर ती दुसऱ्यासाठी.

आजोबा मात्र भांड्याच्या बुडाशी
तीन ठोके जास्त मारायचे.
मोडीत आलेला हंडा उलटा करून
म्हणायचे, आपलाच.

तीन टिंबं सांग. तांब्यावर.

तांबं चालत नाही, काका. सोनं नाहीतर रुपं.

मग रुपं घाल. कल्हई समज.

आणि हीच खूण दुसऱ्या कुणाची नाही ना,
तेही विचारतात.

पलीकडे वडक्यांच्या दुकानात ठोके चालू होते.
फोन न ठेवता
मी मोजू लागलो.