रांगेचं शेपूट

नाताळची दुपार, फ्लोरिडात घामाच्या धारा.
योलेटच्या हातात उंच काठीवर पाटी :
‘रांग इथे संपते.’
माणसं येतात, ती मागे सरकते,
पॉपकॉर्नच्या गाडीपाशी, कारंज्यापाशी,
मग थेट स्वच्छतागृहाच्या दारात.

नेब्रास्काहून आलेला बाप घड्याळ बघतो. अजून दोनशे दहा मिनिटं.
बायको काहीच बोलत नाही, ते जास्त वाईट.
त्यांची ऑर्ला सँडल काढून
योलेटच्या सावलीत फतकल मारते.
‘तुझ्या मागे कोण आहे?’
‘कोणीच नाही गं.’
‘मग तू हरलीस?’

सात वाजता साबणाचा बर्फ पडतो.
सगळ्यांच्या माना वर;
रांग पुढे सरकायचं विसरते.
योलेट तेवढ्यात एक बूट सैल करते.

रात्री बसथांब्यावर नऊ माणसं.
ती शेवटी जाऊन उभी राहते.
रिकामा हात
आपोआप वर जातो.